गुलाब, तोफ काढायला लावली

गुलाब, तुझ्या फोटोमागं तोफ छापून आणली होती लेका. एका बाजूला तोफ, दुसऱ्या बाजूला विमान, वर तिरंगा आणि मधोमध तू, चष्मा नाकावर घसरलेला, त्या विमानाकडे संशयानं पाहत असल्यासारखा. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं: ‘शत्रूचा कर्दनकाळ, रणधुरंधर सुभेदार गुलाबराव’. आपल्या विहारातल्या अभ्यासिकेला तुझं नाव द्यायचं ठरलंय, आणि तिच्या दारावर हा फलक कायमचा लागणार होता. कॉलनीचे अध्यक्ष सीताबर्डीला जाऊन स्वतः नमुना करून घेऊन आले. उलगडला आणि म्हणाले, "कसा वाटते मास्तर? जबरदस्त आहे ना?"

मला हसू फुटलं. तुला जाऊन चार दिवस झालेले, घरात भेटायला आलेली माणसं बसलेली, आणि मी भिंतीला टेकून खो खो हसतोय. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा कुठं लोकांना हायसं वाटलं, की चला, मास्तर एकदाचा रडला.

आतून तुझी बायको, आमच्या निर्मलावहिनी, आल्या. पांढऱ्या साडीचा पदर सावरत त्यांनी फलक नीट पाहिला. "ही तोफ कोनाची आहे?" त्यांनी विचारलं. "यायनं तं घरातली टिकल्यायची बंदूक नाही उडवली कधी." अध्यक्ष बिचारे चुळबुळले. फौजी माणूस म्हटल्यावर काहीतरी पाहिजे ना वहिनी, म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. "भाऊजी, त्यायच्या नावाखाली काय लिहाचं ते तुमी लिहा. जलमभर त्यायले तुमीच चिडवलं, आता तुमीच निस्तरा. रविवारी विहारात त्यायच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, त्याच्या आत."

घे. तीस-बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे निबंध तपासले, लाल शाईनं पोरांच्या वह्या रंगवल्या, आणि तुझ्यासाठी एक ओळ सुचेना. तीन दिवस कागद पुढं घेऊन बसलो. मग लक्षात आलं, की ओळ अडली नाहीये. तिच्या आधी तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती अडलीय. तीन वर्षं मी ती टाळतोय. सांगतो. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा बस जरा.

तू इंजिनिअर पलटणीत भरती झालास आणि मी इतिहासाचा मास्तर झालो. वर्गात लढाई शिकवायची म्हटलं की माझ्या अंगात यायचं. डस्टर म्हणजे घोडा, पट्टी म्हणजे तलवार. आणि माझा लंगोटीयार साक्षात फौजेत! पहिल्या सुट्टीवर आलास तेव्हा तुला स्टेशनवरून घरीही जाऊ दिलं नाही. आधी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर बसवलं आणि विचारलं, "किती मारले बे?"

तू गंभीर तोंड केलंस. "मोजले नाही. पन रोजचे पाचपन्नास तं असन."

"काय सांगतो!"

"डास होते भाऊ. भल्ले मोठे."

आणि मग लढाई राहिली बाजूला, तू पूल बांधायला घेतलास. दोन बशा म्हणजे दोन काठ, मधे सांडलेली तर्री म्हणजे नदी. ठेल्यावरचे सगळे चमचे गोळा केलेस. तिकडं डोंगरात क्रेन जात नाही, म्हणून लोखंडाची एकेक चौकट सहा-सहा जण खांद्याला लावून उचलतात. जोडत जायचं आणि एकाच काठावरून पुढं ढकलायचं, मागं वजन ठेवायचं, नाहीतर पुलाचं नाक पाण्यात. वजन म्हणून तू माझं कोपर त्या चमच्यांवर दाबून ठेवलंस. ठेलेवाला ओरडतोय, "भाऊ, चमचे द्या ना, गिऱ्हाईक हातानं खाऊन राहिले!" आणि तू म्हणतोयस, "मास्तर, हात हालवू नको, पलटन पान्यात जाईन."

दर सुट्टीत मी शौर्यकथा मागायचो आणि तू पूल आणायचास. त्यातली वरातीची गोष्ट मला सगळ्यात आवडायची, पण मी तसं कधी कबूल केलं नाही. दरड कोसळून रस्ता वाहून गेला, आणि नवरदेव पलीकडच्या काठावर सहा दिवस अडकून पडलेला. रोज सकाळी तो फेटा बांधून काठावर येऊन उभा राहायचा, तुमचा पूल किती पुढं आला ते पाहायचा आणि परत जायचा. पाचव्या दिवशी तुम्हालाच त्याची काळजी लागली, की पोरीकडच्यांनी मन बदललं तर? सहाव्या दिवशी पूल टेकला. नियमानं आधी तुमची गाडी जाऊन वजन तपासायचं. ती गेली, आणि तिच्या मागोमाग बँडबाजा. तुमचे मेजरसाहेबसुद्धा चिखलाच्या बुटांनी नाचले म्हणे.

मी म्हणालो, "अबे, पन शत्रू कुठं आहे ह्याच्यात?"

"नदी," तू म्हणालास आणि माझ्या बशीतला शेवटचा चिवडा उचललास.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते चाळीस वर्षं चाललं. मी म्हणायचो, हे बांधकाम खात्याचं काम, त्यासाठी तुला बंदूक कशाला दिली? तू बर्फ काढायचास, रस्ता मोकळा करायचास. पुरात भाताची पाकिटं वाटायचास. एकदा तर वर्षभर संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून परदेशात गेलास. तिथल्या दोन टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या, आणि तू तिथं जाऊन काय केलंस, तर दोन्हीकडच्यांना पाणी भरता येईल अशा जागी हातपंप बसवलास. का, तर बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या की बोलायला लागतात. मी तुला ‘नळवाला सुभेदार’ म्हणायला लागलो. पोट्ट्यांनीही ते उचललं. तू सगळ्यांदेखत हसायचास.

एकदाच तू नीट उत्तर दिलंस. म्हणालास, "मास्तर, बंदूक आहे म्हनून तं मी तिथं उभा राहू शकलो. पन ती खांद्यावरून काढा लागली नाही, हे माहं काम होतं. तुह्या पुस्तकात अशा लोकायसाठी धडा नाही, त्याले मी काय करू?" मी इतिहासाचा मास्तर, मला वाक्य झोंबलं. म्हणून मी लगेच दुसरा चहा सांगितला आणि विषय बदलला.

तुला धडा शिकवायचा म्हणून मी तुला शाळेतच बोलावलं, आठवतं? प्रजासत्ताक दिन होता. फळ्यावर मी रंगीत खडूनं ‘युद्धातील थरार’ असं लिहून ठेवलेलं. तू फळ्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि पोरांना विचारलंस, "पूर आला. दहा हजार मानसं एका मैदानात आनून बसवली. पहिले काय कराल?"

"जेवन!" पोरं ओरडली.

"चूक."

"तंबू! डॉक्टर! पानी!"

"चूक, चूक. पानी थोडंसं बरोबर. पहिले संडास."

सभागृह हसून हसून कोसळलं. आमच्या मुख्याध्यापिकाबाई प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी रुमाल तोंडाला लावून बसल्या. आणि तू माझ्या ‘थरार’वर डस्टर फिरवून शांतपणे नकाशा काढलास: विहीर इकडं, वारा इकडून, चर तिकडं खोल, बायकांच्या बाजूला दिवा, दिवा नसला तर त्या जात नाहीत आणि आजारी पडतात. पोरं हसायची थांबली. एका मुलीनं विचारलं, "काका, तुमाले भीती नाही वाटत का?" तू म्हणालास, "वाटते ना बेटा. वाटते म्हनून तं मानसं मोजतो." त्या वर्षी पुढचा महिनाभर शाळेत सगळ्या पोरांना खेळायला एकच खेळ, मैदानात छावणी बसवायचा. माझे घोडे आणि तलवारी कोणी विचारेना.

माणसं मोजणं. तुझं हे खूळ तर नागपूरभर प्रसिद्ध. तू कुठूनही सगळ्यांच्या शेवटी निघायचास. बचावाच्या होडीत फौजी शेवटी चढतो, चढण्याआधी मागं वळतो, आणि हाक मारतो: "कोनी राहिलं तं नाही ना?" आणि मग उत्तर येतं का ते ऐकत, मनात मोजत गप्प उभा राहतो. दहा आकडे. तू म्हणायचास, विचारणं सोपं आहे, विचारून झाल्यावर गप्प राहणं शिकावं लागतं. ज्या मुलखात मराठीचा म माहीत नाही तिथंही तू मराठीतच ओरडायचास. साहेब एकदा चिडले, यहाँ कौन समझेगा तेरी बोली? तू म्हणालास, साहेब, जो राहिला असन त्याले आवाज पुरते.

घरी आल्यावरही ते गेलं नाही. लग्नाच्या हॉलमधून निघताना मागं वळून, "कोनी राहिलं तं नाही ना?" आणि दहा आकडे. मागं केटरिंगवाले खुर्च्या उचलतायत, ते दचकून उभे. पंगतीत शेवटी बसायचास, म्हणून तुझ्या वाट्याला वडा-भातातला नुसता भात. आणि त्या दिवशी मेट्रोत! आपण पाच जण सीताबर्डीला चढत होतो, तू फलाटावर वळून हाक मारलीस, आकडे मोजायला लागलास आणि सहाव्या आकड्याला दार बंद. आम्ही आत, तू बाहेर. काचेतून तू आम्हाला कडक सॅल्यूट ठोकलास. डब्यातल्या दोन कॉलेजच्या पोरी उठून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं काहीतरी मोठं घडतंय. निर्मलावहिनी म्हणाल्या, "बसा वं पोरीहो, त्यायचं रोजचंच आहे."

पण त्या दहा आकड्यांमागचं तू मला एकदाच सांगितलंस. फुटाळा तलावाच्या काठावर, भुट्टे खात होतो. तू भुट्टा अर्धाच खाल्लास. म्हणालास, भूकंपात एका घराच्या ढिगाऱ्यापाशी मी हाक मारली. दहा मोजले. काही आलं नाही. पुढच्या घरी गेलो, तिथं दोघं जिवंत सापडले, बक्षीस मिळालं, शाबासकी मिळाली. "पन मास्तर, पहिल्या घरी अकराव्यावर कोनी बोललं असन तं?" मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी माझा भुट्टा तुला दिला आणि तू तोही खाल्ला नाहीस. त्या दिवसापासून मी तुला दहा आकड्यांवरून चिडवणं बंद केलं. बाकी सगळ्यावरून चालू ठेवलं, नाहीतर तुला शंका आली असती.

निवृत्त झाल्यावर तू कॉलनीच्या मागं लागलास. लकडगंजच्या पलीकडं नाल्याकाठची आपली कॉलनी, पाणी कधीतरी येणार हे तुला दिसत होतं. मी म्हटलं, आलं तर येईल तुझी फौज, होड्या घेऊन. तू भडकलास. मी तुला इतकं भडकलेलं क्वचित पाहिलं. "नाली तुंबली, बोलवा फौज. पूल पडला, बोलवा फौज. पोट्टा बोअरवेलमधी पडला, बोलवा फौज. मंग आपन काय कराचं, व्हिडिओ काढाचे? अबे, फौज येते तोवर दोन-चार घंटे असतात ना, ते कोनाचे?" आणि मी, जो चाळीस वर्षं म्हणत आलो की हे फौजेचं कामच नाही, मी तावातावानं म्हणालो, "काहून नाही? फौजेइतकं चांगलं कोनी करते का?" बोलून झाल्यावर आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण बाजू बदलल्या होत्या. कोण कधी बदलला, कोणालाच कळलं नव्हतं.

तर तुझी कवायत. वर्षातून एक रविवार, दोरी, प्लास्टिकचे ड्रम बांधून केलेला तराफा, शिट्टी. कोणी येईना, तेव्हा तू सावजी मटणाची लालूच दाखवलीस आणि अख्खी कॉलनी हजर. विहाराच्या वरच्या मजल्यावर भिंतीला यादी: घर, माणसं, कोणाला चालता येत नाही, कोणाला इन्सुलिन लागतं. यादी लिहायचं काम माझ्याकडे, कारण अक्षर माझं चांगलं. नियम तुझा: कोणाकडे पाहुणा आला, की त्याच दिवशी मास्तरला सांगायचं आणि मास्तरनं लिहायचं.

आता आलो, गुलाब. मुद्द्यावर आलो.

तीन वर्षांपूर्वी नाल्याचं पाणी आलं त्याच्या आदल्या संध्याकाळी माझी मोठी बहीण काटोलकडून आली होती. मोठीबाई. ऐंशीला टेकलेली, कानानं जवळपास बहिरी, सोबत लोणच्याची बरणी. यादी माझ्याच हातात आणि पाहुणी माझ्याच घरची. लिहू सकाळी, म्हटलं. कंटाळा आला, दुसरं कारण नाही. सकाळी गॅसवर चहा होता आणि दारातून पाणी आत आलं. तुझी शिट्टी वाजली. बायको शेजारच्या तान्ह्या लेकराला घेऊन पहिल्याच खेपेत गेली. तिला वाटलं मोठीबाईला मी आणतोय. मला वाटलं ती घेऊन गेली. मी विहारात जिन्याच्या वरच्या पायरीवर पेन घेऊन उभा, एकेक जण वर आला की खूण. तासाभरात सगळ्या खुणा झाल्या. मी ऐटीत ओरडलो, "सुभेदार, यादी पुरी!"

तू खालच्या पायरीवर होतास, कमरेइतक्या पाण्यात, साठी ओलांडलेला माणूस. तू मागं वळलास. "कोनी राहिलं तं नाही ना?"

"नाही ना बे, यादी पुरी म्हनलं ना, ये वर!"

तू हात वर केलास. सगळे गप्प झाले. मी मनात तुझ्याबरोबर आकडे मोजत होतो. आठ, नऊ, दहा. झालं, म्हणालो मी. तू म्हणालास, "थांब." आणि त्या जास्तीच्या क्षणात कुठूनतरी आवाज आला, टण टण टण. पाण्याचा पितळी गडवा खिडकीच्या गजावर आपटल्याचा. माझ्या घराच्या खिडकीचा.

तू दोरी कमरेला बांधून गेलास तेव्हा मी काय केलं माहीत आहे? काही नाही. पेन हातात धरून उभा राहिलो. वीस मिनिटांनी तू तराफा ढकलत आलास. वर मोठीबाई मांडी घालून बसलेली, मांडीवर लोणच्याची बरणी, आणि ती तुला झापतेय, "पोट्ट्या, सरळ चाल ना, बरनी हालून राहिली!" अख्खं विहार हसलं. त्या हसण्यात तू वर आलास, ओले हात झटकलेस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "मास्तरनं कालच सांगितलं होतं मले मोठीबाईचं. म्हनलं मीच चढवतो यादीत, अन् विसरलो. चूक माही."

आणि मी गप्प राहिलो. तुला गप्प राहणं शिकावं लागलं होतं, मला ते त्या दिवशी फुकट जमलं. दुपारी मोठ्या होड्या घेऊन तुझे तरुण जवान आले, पाणी-औषधं आली. त्यांचा साहेब म्हणाला, इथं तर आमच्यासाठी कामच ठेवलं नाही. तू लाजलास. सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली आणि दोन-तीन जणांनी त्यातच ऐकवलं, फक्त पाहुणीचं तेवढं राहिलं सुभेदार. तू मान हलवलीस. मी शेजारीच होतो, चहा पीत.

त्यानंतर आपण किती वेळा भेटलो! रोज. रोज मी ठरवायचो आणि रोज तू काहीतरी विनोद करायचास. शेवटच्या आठवड्यातही, दवाखान्यातून घरी आलेलास, तेव्हा तुझ्या पलटणीतली पोरं भेटून गेली होती. सांगत होती, आता ड्रोन वरून अडकलेली माणसं शोधतो, औषधं पोचवतो. तू खुश होतास, डोळे चमकत होते. पण मला म्हणालास, "ड्रोन दिसनाऱ्याले मोजते मास्तर. घरात आहे त्याले विचारन कोन?" मी म्हटलं, "शिकीन तोबी." "शिकवा मंग," तू म्हणालास आणि उशीला टेकलास. ते भांडण तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

म्हणून रविवारी मी उभा राहिलो. विहार भरलेलं, भंतेजींची वंदना झालेली, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या. लोकांना वाटलं मास्तर आता शौर्यावर बोलणार. मी म्हणालो, तीन वर्षांपूर्वी यादीतली चूक सुभेदाराची नव्हती. त्याला मी काही सांगितलंच नव्हतं. माझी बहीण मीच विसरलो आणि तो माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन बसला. चाळीस वर्षं मी त्याला विचारत होतो, तू खरा फौजी कशावरून? तो खरा फौजी होता. हे त्याला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

पहिल्या रांगेत मोठीबाई बसली होती, गावाहून मुद्दाम आलेली. तिनं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "काय म्हनते वं तो?" शेजारणीनं तिच्या कानात ओरडून सांगितलं. मोठीबाई म्हणाली, "हे मले काय नवीन सांगते? पन बरनी वाचली ना!" आणि गुलाब, तुझ्या पुण्यानुमोदनाला अख्खं विहार पोट धरून हसलं. भंतेजीसुद्धा.

तोफ काढायला लावली. विमानही. तुझ्या नावाखाली मी तुझेच शब्द दिले, जसेच्या तसे, ‘कोनी राहिलं तं नाही ना?’ फलकवाला म्हणाला, सर, तुम्ही शाळेचे मास्तर, हे शुद्ध करून देऊ का? मी म्हटलं, खबरदार. अध्यक्षांना फौजी काहीतरी हवंच होतं, म्हणून कोपऱ्यात दोरीची गाठ काढलीय, तू बांधायचास तशी. चांगली दिसते.

कार्यक्रम संपला, लोक जेवून गेले. शेवटी वहिनी आणि मी राहिलो. वहिनी पायऱ्यांवर चपला घालत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, मी तुमचीबी माफी मागतो. तीन वर्षं तुमी लोकायचं ऐकून घेतलं."

"मले त्याच दिवशी माईत होतं भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यायनं घरी येऊन सांगितलं. म्हनले, मास्तरले बोलू नको, तो हसनं बंद करीन. मंग मी भांडू कोनाशी?"

मी आत जाऊन अभ्यासिकेचे दिवे बंद केले, दार ओढलं, कडीला हात घातला, आणि माझा मीच मागं वळलो. रिकाम्या विहारात मोठ्यानं ओरडलो, "कोनी राहिलं तं नाही ना?" आणि गप्प उभा राहिलो. आठ, नऊ, दहा. मी अकरावाही घेतला.

काही आलं नाही. मी कडी लावायला गेलो, तशा वहिनी म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, कडी नका लावू. ते सगळ्यायच्या शेवटी निघतात ना."

मी दार नुसतं लोटून ठेवलं, गुलाब. ये सावकाश.